विटेवरचं नाव

पडद्याची दोरी दोनदा अडकली. तिसऱ्यांदा पाहुण्यांनी जरा जोरातच ओढली आणि जांभळं सॅटिनचं कापड झेंडूच्या माळेसकट खाली आलं. टाळ्या झाल्या. काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं, वर क्रूस, त्याखाली १२७व्या स्तोत्रातलं वचन आणि त्याखाली नावं. आमच्या चर्चच्या मागच्या हॉलचं नूतनीकरण झालं, त्याची ही कोनशिला. पाळकसाहेब, पंचकमिटीचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, बांधकाम समिती, ११ हजारांच्या वरचे देणगीदार अशी एकूण २३ नावं मी उभ्या उभ्या मोजली. दोनदा मोजली. चोविसावं असायला हवं होतं, ते नव्हतं. ते माझं. कोनशिलेचा मजकूर मी लिहून दिला होता, चार वेळा खाडाखोड करून. मे महिन्याच्या उन्हात गवंड्यांच्या मागे उभा राहिलो होतो, नव्या भिंतींना रोज संध्याकाळी नळी धरून पाणी मारलं होतं. खरं सांगायचं तर चूक कुणाचीच नव्हती. यादी करताना सेक्रेटरींनी विचारलं होतं, "सर, तुमचं नाव कुठे टाकू?" आणि मी म्हणालो होतो, "छे छे, माझं नाव कशाला!" पंगतीत जिलेबी आली की आपण पानावर हात आडवा धरतो, तो वाढप्याने बाजूला सारायचा असतो. एवढी साधी रीत. सेक्रेटरींनी माझा हात खरा मानला आणि ते पुढच्या पानाकडे गेले.

आणि मग मला ते दिसलं. वचन असं आहे: परमेश्वर जर घर बांधीत नाही तर ते बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ आहेत. आमच्याकडे लग्नघरापासून नव्या फ्लॅटच्या दारापर्यंत सगळीकडे लागणारं, लहान मुलांनाही पाठ असलेलं. दगडावर 'श्रम'च्या जागी 'भ्रम' कोरलं होतं. बांधणाऱ्यांचे भ्रम व्यर्थ आहेत. मी ३४ वर्षं मराठी शिकवलं. बसच्या पाटीवरचा चुकलेला ऱ्हस्व-दीर्घसुद्धा माझ्या डोळ्यांत कुसळासारखा सलतो. त्या क्षणी मात्र पोटात कुठेतरी चक्क गुदगुल्या झाल्या. खाली २३ नावं दिमाखात, वर ही अशी ओळ. कुणाला सांगावं म्हणून मी आजूबाजूला पाहिलं. लोक पुढे सरकून मोबाइलवर फोटो काढत होते, बोटाने आपापलं नाव दाखवत होते. वचन कुणी वाचत नव्हतं. मी तोंड मिटून घेतलं.

त्या दिवशी जेवण चांगलं गेलं.

दोन-तीन आठवडे ही मजा टिकली. मग तिला आंबूस वास यायला लागला. आणि एका रविवारी उपासनेत वाचन आलं ते बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायाचं. बाबेलचा, म्हणजे बॅबिलोनचा, नबुखद्नेस्सर राजा, त्याचं स्वप्न, त्याचं गवत. मी बाकावर जरा सावरून बसलो, कारण ही गोष्ट मला पवित्र शास्त्रातून मिळालेलीच नाही. ती मला गोठ्यातून मिळाली.

आजीला अक्षरओळख नव्हती. पण ऐकून ऐकून तिचे अध्यायच्या अध्याय पाठ होते, आणि पाठ म्हणजे शब्दाला शब्द नव्हे. तिच्या तोंडून ते नेवासे तालुक्यातून फिरून यायचे. संध्याकाळी ती बैलांपुढे कडबा टाकायची आणि आम्ही पोरं गव्हाणीच्या कडेला बसायचो. शेणाचा, ओल्या वैरणीचा वास, बैलांच्या नाकातून येणारा गरम वारा आणि त्यांचं ते संथ, कुणाचीच घाई नसलेलं रवंथ. "राजा म्हंजी केवढा," ती सांगायची, "समदी दुनिया त्याच्या म्होरं वाकायची. आन् खातूय काय? गवात!" बैलाच्या तोंडाकडे बोट दाखवून ती थांबायची. आम्ही त्या तोंडाकडे बघत राहायचो. एकदा तिने बांधावरची हराळी उपटून आमच्या हातात दिली. "खाऊन बघा." आम्ही चावली. आधी हिरवट गोडसर, मग कडवट, आणि जिभेला बारीक कापल्यासारखं. "सात वरीस ह्येच," आजी म्हणाली, "आन् मीठ पन न्हाई." शास्त्रात 'सात काळ' आहे, वर्षं नव्हेत, हे मला पुढे कळलं. मीठ नसल्याचा उल्लेख तर शास्त्रात कुठेच नाही. पण राजाचं नेमकं काय गेलं हे मला आजवर कुठल्या प्रवचनाने त्या मिठाइतकं पटवलेलं नाही.

अध्याय तुम्हीही वाचला असेल, नसेल तर लहानच आहे. राजाला स्वप्न पडतं: पृथ्वीच्या मधोमध एक झाड, शेंडा आभाळाला टेकलेला, फांद्यांत पाखरं, सावलीत जनावरं. स्वर्गातून एक पवित्र पहारेकरी उतरतो आणि म्हणतो, झाड तोडा, पण बुंधा जमिनीत राहू द्या. दानीएल अर्थ सांगतो: हे झाड तूच. पुढे १२ महिने काहीच होत नाही. हे १२ महिने मला फार खरे वाटतात. भविष्य ऐकून माणूस आठवडाभर घाबरतो, महिनाभर दानधर्म करतो आणि मग विसरतो. वर्षभराने राजा बाबेलच्या राजवाड्याच्या गच्चीवर फिरतोय. खाली त्याचं शहर पसरलंय आणि तो स्वतःशीच म्हणतो की हे थोर बाबेल मी, माझ्या सामर्थ्याने, माझ्या वैभवासाठी बांधलं ना? शब्द तोंडातच असताना आकाशातून वाणी होते. राज्य गेलं. त्याच घटकेला तो माणसांतून हाकलला जातो, अंग दवाने भिजतं, केस गरुडाच्या पिसांसारखे वाढतात, नखं पाखरांच्या नख्यांसारखी.

गंमत अशी की गच्चीवरचं ते वाक्य खोटं नव्हतं. इ.स.पू. ६०५ ते ५६२ असं ४३ वर्षांचं त्याचं राज्य, आणि त्यातला केवढा काळ बांधकामात गेला. रोबर्ट कोल्डेवाय या जर्मन माणसाने १८९९ पासून १९१७ पर्यंत बाबेल खणलं, तेव्हा जिथे कुदळ पडेल तिथे त्याच्या शिक्क्याच्या विटा निघाल्या. ठसा ठरलेला: नबुखद्नेस्सर, बाबेलचा राजा, एसागिला आणि एझिदा या मंदिरांचा पोशिंदा, नबोपलासरचा ज्येष्ठ पुत्र. आपल्या वीटभट्टीवाल्याची दोन अक्षरं विटेच्या खाचेत असतात ना, तसंच. फक्त हा भट्टीवाला साम्राज्याचा मालक. जगभरच्या संग्रहालयांत आज त्या विटा आहेत. आणि त्याहून जास्त, शेजारच्या हिल्ला गावातल्या घरांच्या भिंतींत. शतकानुशतकं लोकांनी त्या उपसून नेल्या आणि चुली बांधल्या, माड्या चढवल्या. मला यातली एक गोष्ट फार आवडते. शिक्क्याची बाजू बहुधा खाली असायची, डांबरात रुतलेली. म्हणजे रस्त्याने जाणाऱ्याला ते नाव दिसायचंच नाही. ते होतं देवासाठी, किंवा कधीकाळी भिंत पडली तर ती उचलून बांधणाऱ्या पुढच्या राजासाठी. आमचं ग्रॅनाइट मात्र दाराशेजारी, छातीच्या उंचीला, फोटोत नीट यावं असं.

आणि तो नास्तिक वगैरे मुळीच नव्हता. त्याचा एक मोठा दगडी लेख आहे, दहा रकान्यांचा, मुद्दाम जुनाट वळणाच्या अक्षरांत कोरलेला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या बगदादमधल्या प्रतिनिधीला मिळाला आणि लंडनच्या ईस्ट इंडिया हाउसमध्ये जाऊन पडला. आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आपल्यावर राज्य करणाऱ्या कंपनीच्या कचेरीत बाबेलच्या राजाची कोनशिला असावी, यावर आजीने काहीतरी टिप्पणी केली असती. त्या लेखात तटबंद्या, दरवाजे, राजवाडा यांची लांबलचक यादी आहे. पण आधी मार्दुक देवाची स्तुती आहे, तूच मला घडवलंस, तूच राज्य दिलंस, तुझ्यावाचून काय आहे, अशी. अगदी मनापासून केल्यासारखी. वर वचन, खाली यादी. मी हे वाचलं तेव्हा हसलो नाही.

बाबेलच्या राजांना गर्वाचा धोका ठाऊक होता, इतका की त्याच्यावर त्यांनी वार्षिक इलाज काढून ठेवला होता. नववर्षाच्या अकीतू उत्सवात पाचव्या दिवशी राजा एसागिलाच्या गाभाऱ्यात जायचा. मुख्य पुजारी त्याचा राजदंड, मुकुट, सगळी चिन्हं काढून घ्यायचा, त्याच्या थोबाडीत मारायचा, कान धरून त्याला देवापुढे ओढायचा आणि गुडघ्यावर बसवायचा. राजाने म्हणायचं: मी पाप केलं नाही, बाबेलचा नाश केला नाही, मानाच्या नागरिकांच्या गालावर हात उगारला नाही. मग चिन्हं परत मिळायची. आणि पुन्हा एक थप्पड. या थपडेने डोळ्यांत पाणी आलं तर देव प्रसन्न. नाही आलं तर देव कोपला, शत्रू उठणार. विधीच्या ज्या पाट्या सापडल्या त्या नंतरच्या, ग्रीक राजवटीतल्या आहेत, पण रीत त्याहून जुनी मानतात. मला त्या पुजाऱ्याच्या हाताचं कुतूहल वाटतं. किती जोरात मारत असेल? पाणी तर यायला हवं, पण उद्यापासून पुन्हा ह्याच राजाच्या राज्यात राहायचंय. आणि राजाला आधीच माहीत की राजदंड घटकाभराने परत मिळणार. म्हणजे हीसुद्धा पंगतच. हात आडवा धरायचा, वाढप्याने सारायचा. दानीएलच्या चौथ्या अध्यायात होतं ते एवढंच की एका वर्षी वाढपी पुढे निघून जातो. चिन्हं काढून घेतली जातात आणि परत द्यायला कुणी येत नाही.

इथे तुकोबांची मुंगी आणि ऐरावत आठवणार हे तुम्ही ओळखलंच असेल. मलाही आठवले. पण तुकोबा लहानपण मागून घेतात. नबुखद्नेस्सराने काहीच मागितलं नव्हतं. त्याच्या वाट्याला अंकुशच आला. मागून घेतलेली नम्रता आणि अंगावर आलेली नम्रता यांना मराठीत एकच शब्द आहे, हे मला शिक्षक म्हणूनही बरं वाटत नाही.

शिक्षक म्हणूनच मला या अध्यायात आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती दिसल्यापासून मी तो वेगळाच वाचतो. हा अख्खा अध्याय म्हणजे राजाने आपल्या साऱ्या प्रजेला, सगळ्या भाषांच्या लोकांना धाडलेलं जाहीर पत्र आहे. सुरुवात प्रथमपुरुषी: मी नबुखद्नेस्सर माझ्या घरी निवांत होतो, मला स्वप्न पडलं. दानीएल अर्थ सांगू लागतो तिथे 'मी' हळूच मावळतो आणि 'राजा' येतो, 'तो' येतो. गच्ची, वाणी, गवत, नखं, सगळं तृतीयपुरुषात. आणि मग एकदम: त्या दिवसांच्या अखेरीस मी नबुखद्नेस्सराने डोळे वर करून स्वर्गाकडे पाहिलं, आणि माझी बुद्धी मला परत आली. अभ्यासक म्हणतील, दोन हस्तलेख जोडले असतील, किंवा वेडा माणूस आपली हकीकत सांगू शकत नाही म्हणून लेखकाने ती दुसऱ्याच्या तोंडी घातली. असेल. पण ३४ वर्षं मुलांच्या निबंधाच्या वह्या तपासलेल्या माणसाला ही खोड ओळखीची आहे. 'माझी चूक' या विषयावर लिहायला सांगा. बक्षिसापर्यंत 'मी' असतो; चोरी आली की 'एका मुलाने' सुरू होतं. मी स्वतः काय वेगळं केलं? कोनशिलेच्या रात्री बायकोला म्हणालो, "काही लोकांना नाव नसलं की वाईट वाटतं बघ." ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "अहो, मग टाकायला सांगायचं होतं ना त्या काही लोकांनी."

एक खुलासा करायला हवा. हा राजा कदाचित तो नव्हेच. मृत समुद्राकाठी कुमरानच्या चौथ्या गुहेत अरामी भाषेतल्या एका लेखाचे काही तुकडे सापडले. त्यांत नबोनिदस नावाचा बाबेलचा राजा सांगतो की तेमान इथे मी सात वर्षं वाईट रोगाने पिडलो होतो आणि एका यहुद्याने मला खरा देव दाखवला. नबोनिदस हा बाबेलचा शेवटचा राजा. तो खरोखरच मुलगा बेलशस्सर याच्यावर राज्य सोपवून दहा वर्षं अरबस्तानातल्या तेमा इथे जाऊन राहिला होता. अनेकांना वाटतं, मूळ गोष्ट त्याची, पुढे ती मोठ्या राजाच्या नावावर चढली. अपमानाच्या गोष्टींचंही असंच असतं. त्या मोठ्या नावाकडे सरकत जातात.

पण गोष्ट नबुखद्नेस्सराच्या नावावर चढवताना सांगणाऱ्यांनी काय केलं, ते मला खरं नवल वाटतं. हे सांगणारे कोण? यहुदी. त्यांच्यासाठी हे नाव म्हणजे काय होतं? इ.स.पू. ५८६ च्या सुमारास ह्याच राजाच्या फौजेने यरुशलेम फोडलं, मंदिर जाळलं. तिथल्या सिद्कीया राजाला पकडून रिब्ला इथे नेलं, त्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या मुलांना मारलं आणि मग त्याचे डोळे काढले. म्हणजे त्याने शेवटचं पाहिलं ते तेच. अशा माणसाची गोष्ट त्या लोकांनी लिहायची तर मी असतो तर गवतावर संपवली असती. सात काळ कशाला, सत्तर. तसं ते लिहीत नाहीत. त्यांचा दानीएल, जो स्वतः धरून आणलेला कैदी, ज्याचं नावसुद्धा बदलून बेल्टशस्सर केलंय, तो स्वप्न ऐकून हरखत नाही. तो घटकाभर सुन्न होतो. त्याचा चेहरा असा उतरतो की राजालाच त्याला धीर द्यावा लागतो. आणि दानीएल म्हणतो, महाराज, हे स्वप्न आपल्या वैऱ्यांच्या वाट्याला जावो. दरबारी शिष्टाचार म्हणून हे वाक्य उडवून लावता येईल. पण पुढे तो अर्थ सांगून थांबत नाही, न विचारता सल्ला देतो: गोरगरिबांवर दया करा, अधर्म सोडा, कदाचित आपलं स्वास्थ्य टिकेल. ज्याने आपलं गाव जाळलं तो वाचावा म्हणून हा धडपडतोय. आणि मला एका भ्रमाची चूक सेक्रेटरींना सांगवत नव्हती.

आमच्या सगळ्यांच्या आवडीची यातली शिकवण म्हणजे मानवी राज्यांवर परात्पर देवाची सत्ता आहे, तो ती पाहिजे त्याला देतो, अगदी हलक्यातल्या हलक्या माणसालाही. निवडणुकीच्या आदल्या रविवारी हे हमखास वाचतात. मला ते ऐकताना नेहमी थोडी भीती वाटते. कारण यिर्मया संदेष्टा तर नबुखद्नेस्सराला देवाच्या तोंडून 'माझा सेवक' म्हणवतो, एकदा नव्हे, तीनदा. शत्रूच्या राजाला देवाचा सेवक. पुढे शहराला वेढा पडल्यावर लोकांनी त्याला फितूर म्हणून हौदात टाकलं. मी तिथे असतो तर टाकणाऱ्यांत असतो की काय कुणास ठाऊक. सत्ता देवाने दिली म्हटलं की जुलमी माणूसही ते वाक्य उचलतो आणि आपल्या कोनशिलेवर कोरतो. नबुखद्नेस्सराने तेच केलं होतं, फक्त देवाचं नाव मार्दुक होतं. नीतिसूत्रांत म्हटलंय की राजाचं मन परमेश्वराच्या हाती पाटाच्या पाण्यासारखं असतं, तो त्याला हवं तिकडे वळवतो. हे वाक्य कालव्यांच्या मुलखाला कळतं. आजोबा रात्री उसाला दारं धरायला जायचे, मी कंदील धरून मागे. फावड्याने मातीचा एक थर इकडचा तिकडे केला की एवढा फुसफुसत आलेला लोट निमूट दुसऱ्या सरीत शिरायचा. मला लहानपणी त्यात देवाची ताकद दिसायची. आता दुसरंही दिसतं: वळवलेलं पाणी एका वाफ्यात पिकाला लागतं आणि दुसऱ्यात मूळं कुजवतं, आणि अंधारात बांधावर उभं राहून कोणत्या वाफ्याचं काय होणार ते कळत नाही. आजोबा मात्र ओल्या मातीत पाय रुतवून, कान देऊन सांगायचे, "भरली सरी."

आजीचं लक्ष सत्तेकडे नव्हतंच. तिचं लक्ष खुंटाकडे होतं. झाड तोडलं तरी बुंधा जमिनीत ठेवला, त्याला लोखंडाचं आणि पितळेचं कडं घातलं. या कड्यावर पंडितांचा बराच वाद आहे. बेडी म्हणावी की राखण, कुणी काही म्हणतं. आजीला वाद माहीत नव्हता. "खुंट उलू नये म्हनून," ती म्हणायची. "गाडीच्या चाकाला धाव चढवत्यात ना, तसं. उन्हानं उललं की मग फुटवा यायचा न्हाई." आणि मग, कडब्याची शेवटची पेंढी सोडताना, "ऊस तोडला तरी खोडवा येतूय की. द्येव काय मूळासकट उपटीत न्हाई." माझ्या मनात बाबेलचा राजा तेव्हापासून सात काळ शेतात उभा आहे, कमरेला लोखंडी धाव चढवलेला.

डिसेंबर २००३ मध्ये टीव्हीवर एक चित्र पुन्हा पुन्हा दाखवत होते. खड्ड्यातून काढलेला सद्दाम हुसेन, केस पिंजारलेले, दाढी छातीवर, एक डॉक्टर हातमोजे घालून त्याच्या केसांत बघतोय, तोंडात बॅटरी मारतोय. मी उठून उभा राहिलो. गरुडाची पिसं म्हणजे हीच. १९८० च्या दशकात ह्याच माणसाने बाबेलच्या जुन्या पायांवर नव्या भिंती चढवल्या होत्या आणि त्या विटांवर स्वतःचं नाव कोरून घेतलं होतं, कारण जुन्या विटांवर नबुखद्नेस्सराचं होतं. शेजारच्या टेकाडावर आपला राजवाडाही बांधला, म्हणजे गच्चीसुद्धा झाली. मला बरं वाटलं. अगदी कोनशिलेसमोर वाटलं तसंच बरं. तो वास मी आता ओळखतो. पुढे वाचलं की ज्यांनी त्याला पकडलं त्यांच्या फौजेनेही बाबेलच्या अवशेषांतच तळ ठोकला होता आणि त्यांच्या जड वाहनांखाली २,६०० वर्षांपूर्वीची विटांची फरसबंदी चुरडली. पडणाऱ्याची गोष्ट सांगायला आपल्याला आवडतं. त्याच्यानंतर गच्चीवर कोण गेलं, इकडे आपलं लक्ष नसतं. सद्दामला खुंट ठेवला गेला का, हे मला ठाऊक नाही. २००६ च्या अखेरीला त्याला फाशी दिली. आजी असती तर तिने विचारलं असतं, आणि माझ्याजवळ उत्तर नसतं.

अध्यायाचा शेवटही मला पुरता पटत नाही. राजाची बुद्धी परत येते, तो परात्पराची स्तुती करतो, आणि मग लगेच सांगतो की माझं वैभव मला परत मिळालं, मंत्री आणि सरदार मला शोधत आले, पूर्वीपेक्षा अधिक थोरवी मला लाभली. एका दमात पुन्हा 'माझं' किती वेळा येतं ते मोजा. गर्वाने चालणाऱ्यांना तो नमवू शकतो, हे शेवटचं वाक्य त्याच तोंडून येतं. हे खरोखर नमलेल्याचं वाक्य आहे की नम्रतेची नवी कोनशिला? मी तरी छातीठोक सांगणार नाही. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने आहे. गवताची हकीकत त्याने पत्रातून गाळली नाही. 'तो' म्हणून का होईना, सही आपलीच ठेवली.

त्या रविवारी घरी येऊन मी जुनी फाइल काढली, म्हटलं मूळ मजकुराची झेरॉक्स दाखवून सेक्रेटरींना सांगू की चूक कारागिराची. चौथा खर्डा सापडला. माझं अक्षर. वरच्या ओळीत 'श्रम'. मी चष्मा पुसला, कागद खिडकीशी नेला. 'श'च्या डोक्यावर मी घाईत अशी गाठ मारली होती की माझ्याशिवाय कुणीही तो 'भ' वाचला असता. बायकोला न सांगता कागद तिच्यापुढे धरला. "भ्रम," ती म्हणाली.

सेक्रेटरींना फोन केला. ते आधी हसले, मग म्हणाले, "सर, राहू द्या हो, दीड महिन्यात कुणाच्या लक्षात नाही आलं." मग म्हणाले, बघतो. पुढच्या शनिवारी कारागीर आला, विशीतला पोरगा, मोटरसायकलवर डबा आणि ब्रश बांधून. काळा मसाला भरून जुनं अक्षर बुजवायचं, वाळलं की वर नवं कोरून सोनेरी रंग द्यायचा. जवळून पाहिलं तर डाग दिसणार, तो म्हणाला, त्याला इलाज नाही. मी म्हणालो, दिसू दे. त्याने खिशातून पेन्सिल आणि बिलाचा कागद काढून माझ्यापुढे धरला. "एक डाव मोठं लिहून द्या सर, म्हंजी गडबड नको." मी भिंतीला कागद टेकवून सावकाश लिहिलं. त्याने कागद उजेडात धरला, मान एकदा इकडे केली, एकदा तिकडे.

"सर, ह्यो श हाय का भ?"

मी पेन्सिल परत मागितली.